फांदी कोणाची? जुन्नर-आंबेगावातील टहाळणीचा इतिहास

१/
घराच्या कौलांवर झुकलेली फांदी उतरवायची असेल, तर आज दोन प्रश्न पडतात. परवानगी कोणाची घ्यायची? आणि झाडाला इजा न करता ती उतरवणारा माणूस कुठून आणायचा? पहिला प्रश्न कायद्याचा वाटतो, दुसरा कारागिरीचा. पण दोन्हींचा इतिहास एकच आहे आणि त्यातील बरीच पाने जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात उलगडतात. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
प्रथम भूगोल. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची उगमखोरी या दोन तालुक्यांत आहेत आणि भीमेचा उगमही याच डोंगररांगेत, भीमाशंकरला आहे. पूर्वेकडे ऊस, कांदा आणि द्राक्षांची बागायत, तर पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यालगत भात, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडे. या पश्चिम भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे.

३/
या पट्ट्यात झाडाशी माणसाचे नाते तीन प्रकारचे होते. देवराईतील झाडाला कोयता लावायचाच नाही, वाळलेले लाकूडही उचलायचे नाही. वरकस जमिनीवरील झाडांची कवळ तोडायची, पण झाड राखायचे. आणि परसातील आंबा, फणस, चिंच यांच्या फांद्या घराच्या गरजेप्रमाणे उतरवायच्या. आंबेगावातील आहुप्याची देवराई आजही पहिल्या प्रकाराची साक्ष देते. सह्याद्रीतील अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास १९७०च्या दशकात वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी प्रसिद्ध केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही.

४/
टहाळणी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. झाड मुळातून पाडणे म्हणजे तोड. फांद्या व डहाळ्या उतरवून खोड व शेंडा राखणे म्हणजे टहाळणी. उतरवलेल्या हिरव्या फांद्यांना कवळ, टाळ किंवा टहाळ म्हणतात. तोड एकदाच होते. टहाळणी पिढ्यान्‌पिढ्या करता येते, मात्र ती नीट केली तरच. आज टहाळलेले झाड पुन्हा फुटले नाही, तर पुढच्या वर्षी कवळ आणायची कुठून? टहाळणाऱ्याचा संयम अशा रोकड्या हिशेबातून येत होता.

५/
एवढी कवळ लागायची कशाला? उत्तर आहे ‘राब’. भाताचे रोप जिथे तयार करायचे त्या वाफ्यावर, म्हणजे दाढीवर, शेण, वाळलेली कवळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्यात ते भाजायचे. मृगाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकायचे. कवळीसाठी ऐनासारखी पुन्हा जोमाने फुटणारी झाडे उपयोगी पडत. हिरड्याचे मोल त्याच्या फळात होते. त्याचे कोवळे फळ, म्हणजे बाळहिरडा, वाळवून विकला जाई आणि आजही विकला जातो.

६/
आता थोडे मागे जाऊ. शिवनेरीचा हा प्रदेश असल्यामुळे एक गोष्ट नेमकी सांगणे आवश्यक आहे. ‘झाडे तोडू नका’ असे शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून जो मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो, तो बहुतेक वेळा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील असतो. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. शिवकाळ पाहिलेल्या मुत्सद्द्याने तो लिहिला, म्हणून त्यात त्या काळच्या धोरणाचे प्रतिबिंब मानले जाते. मात्र तो महाराजांच्या सहीशिक्क्याचा कागद नाही.

७/
त्या मजकुराचा संदर्भ आरमाराचा आहे. जहाजांसाठी लाकूड हवे. सागवान रानातून परवानगीने घ्यावे, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, असा त्याचा आशय आहे.

८/
हा उतारा सहसा पर्यावरणप्रेमाचा दाखला म्हणून दिला जातो. त्यात मला आणखी महत्त्वाचे वाटते ते मालकीचे भान. झाड कोणी वाढवले, यावरून त्यावर हक्क कोणाचा हे ठरते आणि राज्याला गरज असली तरी त्या माणसाची संमती लागते. शिवाय जीर्ण झाड काढता येते, हेही येथे मान्य आहे. ‘झाडाला कधीच हात लावू नका’ असे आज्ञापत्र म्हणत नाही. ते विचारते: कोणते झाड, कोणाचे आणि कोणाच्या संमतीने?

९/
एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न दुसऱ्याच भाषेत विचारला जाऊ लागला. जुन्नरजवळच्या हिवरे येथे कंपनी सरकारचे वनस्पती उद्यान होते. ते आणि पुण्याजवळचे दापोडीचे उद्यान डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याच्या देखरेखीखाली होते. १८३८ पासून दापोडीचा कारभार त्याच्याकडे होता. औषधी आणि उपयुक्त वनस्पतींची लागवड हे या उद्यानांचे मुख्य काम. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

१०/
गिब्सनला केवळ लाकडाचा हिशेबनीस म्हणणे अन्यायाचे होईल. डोंगरउतारावरील झाडी गेली की झरे आटतात, हा विचार तो आग्रहाने मांडत होता. डॅलझेल यांच्यासह त्याने लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु या नव्या दृष्टीत वन हे राज्याने सांभाळायची संपत्ती होते आणि त्यात कोयता घेऊन शिरणारा गावकरी हा प्रामुख्याने धोका होता. झाड वाढवणारा आणि झाड राखणारा म्हणून त्याची ओळख हळूहळू पुसली गेली.

११/
१८७८ मध्ये भारतीय वन कायदा आला. वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग झाले. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याला लेखी विरोध केला होता. व्यवहारात सर्वांत खोल बदल एका शब्दाने झाला. गावकरी ज्याला ‘हक्क’ म्हणत होते, त्याला सरकारी दप्तरात अनेक ठिकाणी ‘सवलत’ म्हटले गेले. हक्क सिद्ध करावा लागतो, पण सिद्ध झाला की टिकतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कवळ तीच, झाड तेच, पण ती तोडणारा आता उपकृत ठरला.

१२/
याच सुमारास जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात त्यांनी वनखात्यावर थेट टीका केली आहे. पूर्वी अल्पभूधारक शेतकरी रानातील फळे, पाने, सरपण यांवर आणि दोन-चार जनावरांच्या आधारे तग धरून राहत असे. डोंगर-कुरणे सरकारजमा झाल्याने त्याचा तो आधारच गेला, असे त्यांचे म्हणणे. जुन्नर भागातील ओतूरसारखी गावे सत्यशोधक चळवळीची केंद्रे होती, हे लक्षात घेतले की ही टीका या खोऱ्यांना किती जवळची होती हे समजते.

१३/
राबाचा वाद सर्वाधिक पेटला तो घाटाखाली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कवळ तोडू द्यायची की नाही, कोणत्या झाडांची, किती उंचीपर्यंत, हे प्रश्न त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होते. वन अधिकाऱ्यांना टहाळलेली झाडे विद्रूप आणि निरुपयोगी दिसत, कारण त्यांना सरळ, लांब इमारती लाकूड हवे होते. शेतकऱ्याला तेच झाड दरवर्षी पीक देणारे वाटे.

१४/
राब ही अडाणी सवय आहे काय, याचा शास्त्रीय तपासही झाला. डॉ. व्होल्कर यांच्या १८९३ च्या भारतीय शेतीविषयक अहवालात राबाची चर्चा आहे. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह प्रयोग करून १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. केवळ राखेच्या खतामुळे नव्हे, तर माती तापल्यामुळेही रोपांना लाभ होतो, हे त्यातून पुढे आले. शेतकऱ्याच्या अनुभवाला प्रयोगशाळेची पुष्टी मिळाली खरी, पण तोवर कवळीचा हक्क आक्रसला होता.

१५/
आता एक समांतर कथा, कारण हे केवळ वसाहतीत घडले असे नाही. लंडनच्या ईशान्येला एपिंग नावाचे जंगल आहे. तेथील लाउटन गावाच्या रहिवाशांना ११ नोव्हेंबर ते २३ एप्रिल या काळात सरपणासाठी फांद्या टहाळण्याचा परंपरागत हक्क होता. १८६०च्या दशकात जमीनदाराने जंगलाला कुंपण घातले, तेव्हा टॉमस विलिंगेल या मजुराच्या कुटुंबाने टहाळणी चालूच ठेवली. त्यापायी घरच्यांना तुरुंगवासही घडला. पुढे हा लढा जंगल वाचवण्याच्या मोठ्या चळवळीचा भाग झाला.

१६/
एपिंग जंगलाचा कायदा झाला तो १८७८ मध्येच, म्हणजे भारतीय वन कायद्याच्याच वर्षी. जंगल लोकांसाठी कायमचे खुले झाले, पण टहाळणीचा हक्क संपवण्यात आला. मात्र त्याची भरपाई दिली गेली आणि त्या रकमेतून गावासाठी एक सभागृह उभे राहिले. १८८४ मध्ये उघडलेले ते ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे अक्षरशः ‘टहाळणी सभागृह’, आजही उभे आहे. सह्याद्रीत कवळीच्या हक्काच्या बदल्यात असे सभागृह उभे राहिले नाही.

१७/
एपिंगच्या कथेचा उत्तरार्ध आपल्या विषयासाठी अधिक मोलाचा आहे. टहाळणी थांबल्यावर तेथील जुनी झाडे सुखी झाली का? नाही. शतकानुशतके टहाळलेल्या खोडांच्या माथ्यावर नव्या फांद्या अनिर्बंध वाढल्या, वजन वाढले, झाडे उकलू लागली, खाली दाट सावली पडून इतर वनस्पती खुंटल्या. म्हणून गेल्या काही दशकांत तिथे काही झाडांची टहाळणी पुन्हा जाणीवपूर्वक सुरू करण्यात आली. माणसाच्या हाताने घडलेल्या झाडावरून हात अचानक काढून घेणे, हेही त्या झाडाचे नुकसानच ठरू शकते.

१८/
परत आपल्याकडे येऊ. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६व्या कलमात राखीव वनातील निषिद्ध कृत्यांमध्ये झाड पाडण्याबरोबर टहाळणेही नमूद आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६४ मध्ये वृक्षतोड नियमन कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन आणि हिरडा ही झाडे आहेत. ती खासगी जमिनीत असली तरी तोडण्यास परवानगी लागते. शहरी हद्दीसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. तो झाडाला इजा करण्यालाही ‘तोड’ मानतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ ही ओळख दिली.

१९/
या कायद्यांची गरज नाकारण्याचे कारण नाही. पूर्वीची टहाळणी आदर्शच होती, असेही नाही. लोकसंख्या वाढली, उरलेली झाडे कमी झाली, तेव्हा तीच झाडे वारंवार ओरबाडली गेली आणि खंगली. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फांद्यांच्या वाटेनेच जाते. त्याच्यासाठी सलग छत्र हाच रस्ता आहे. तिथे कोयता थांबणे योग्यच. प्रश्न आहे तो अभयारण्याबाहेरच्या, घराभोवतीच्या झाडाचा.

२०/
घराभोवती काय होते, ते पाहा. परवानगीची धास्ती असते, टहाळणारा जाणता माणूस राहिलेला नसतो. म्हणून वर्षानुवर्षे कोणी झाडाला हात लावत नाही. फांद्या कौलांवर, तारांवर झुकतात. मग एखादे वादळ येते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ घाट ओलांडून याच तालुक्यांतून गेले. घरांची पडझड झाली, हिरड्याची झाडे उन्मळली, त्यांच्या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घकाळ आंदोलने करावी लागली. अशा वादळानंतर घाबरलेला घरधनी फांदी कापत नाही, सरळ बुंध्याला करवत लावतो.

२१/
हिरड्याचे आख्खे झाड कोसळणे कोणाच्या हाती नसते. पण घरावर झुकलेली वाळकी, जड फांदी वेळेत उतरवणे माणसाच्या हाती असते. ते कसे करावे, याचे शास्त्र अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी १९७०-८०च्या दशकांत बदलून टाकले. असंख्य खोडे उभी चिरून त्यांनी दाखवले की झाड आपल्या कातडीसारखी जखम भरून काढत नाही, तर खराब भाग आतल्या आत कोंडून टाकते. ही भिंत उभारण्याची शक्ती फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वलयात असते. ते वलय कापले, तर कूज खोडात शिरते.

२२/
म्हणून जड फांदीला तीन काप द्यावेत. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, थोडासाच. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, म्हणजे फांदी खोडाची साल सोलत न नेता तुटून पडते. तिसरा उरलेल्या खुंटाला, फुगीर वलयाच्या अगदी बाहेर. खुंट ठेवायचा नाही आणि खोडाला सपाटही घासायचे नाही. जखमेला रंग वा डांबर लावण्याने लाभ होत नाही. एका वेळी पाव भागाहून अधिक पालवी काढू नये आणि शेंडा छाटू नये; शेंडा छाटलेल्या झाडाला फुटणाऱ्या नव्या फांद्यांचा जोड कच्चा असतो.

२३/
काम पावसाळ्यापूर्वी, पण घरटी पाहून करावे. शिडीवर उभे राहून करवत चालवू नये. खांद्याच्या वरची फांदी दोर बांधून, खाली माणूस न ठेवता, जाणकारानेच उतरवावी. फांदी तारेच्या जवळ असेल, तर महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिला हात लावू नये. ओल्या फांदीतूनही वीज वाहते. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर वृक्ष प्राधिकरणाकडे आधी लेखी अर्ज करावा. छाटणी झाडाला इजा ठरू नये, याची तीच खात्री.

२४/
या सूचना आणि जुनी टहाळणी शेजारी ठेवून पाहा. शेंडा राखा, थोडे काढा, झाडाला पुन्हा फुटू द्या, ऋतू पाहा. शायगोंनी खोडे चिरून जे मांडले, त्याच्याशी कवळ तोडणाऱ्याचा हिशेब अनेक ठिकाणी जुळतो. फरक इतकाच की एकाचे ज्ञान ग्रंथात गेले आणि दुसऱ्याचे गुन्ह्याच्या नोंदीत. एखादे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या गुन्हा म्हणून वागवले गेले, तर ते शिकवणारा बाप आणि शिकणारा मुलगा, दोघेही त्यापासून दूर जातात. माझ्या मते आजच्या दुसऱ्या प्रश्नाचे, ‘माणूस कुठून आणायचा’ याचे, एक उत्तर इथे दडले आहे.

२५/
२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी आणि सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन हे दोन्ही अधिकार ग्रामसभेच्या कक्षेत आणले. हक्क आणि जबाबदारी पुन्हा एकाच हाती देण्याचा तो प्रयत्न आहे. आज्ञापत्रापासून आजवरच्या तीनशे वर्षांतून मला दिसते ते असे: ज्याला फांदीवर हक्क नसतो, त्याला झाडाची काळजी घेण्याचे कारणही उरत नाही, आणि ज्याला केवळ हक्क हवा, त्याच्या हाती झाड टिकत नाही.

२६/
तुमच्या गावात टहाळणीला कोणता शब्द आहे? कवळ, टाळ, टहाळ की आणखी काही? राब भाजताना कोणत्या झाडांची पाने चालत आणि कोणती वर्ज्य होती? घरातील ज्येष्ठांना विचारा आणि इथे लिहा. सरकारी अहवालांत झाडांची उंची आणि लाकडाचे भाव सापडतात. कोणत्या फांदीला हात लावायचा नाही, हे मात्र ज्यांनी कोयता धरला त्यांच्याच आठवणीत आहे. त्या आठवणींची नोंद होणे अजून बाकी आहे.